‘गो’ म्हणणारा माणूस : ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाची जडणघडण



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. मी मात्र त्यांचा नालायक विद्यार्थी. गणितात काठावर उत्तीर्ण झालो आणि पुढे जन्मभर मराठी शिकवली. तेव्हा त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एखादा वाङ्मयीन विषय निवडावा, अशी आपली अपेक्षा असल्यास ती रास्तच होय. तथापि सरांनी मला एक प्रश्न घालून ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे राहून गेले आहे.

२१ जुलै १९६९ ची ती रात्र. घड्याळात दीड वाजून गेला होता. सरांच्या बडोद्यातील घरी आम्ही सातआठ आजीमाजी विद्यार्थी त्यांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओभोवती दाटीवाटीने बसलो होतो. लघुलहरींवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लागले होते. आवाज लाटेसारखा जवळ येई आणि दूर जाई. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या इंग्रजीचा मला थोडा अभिमान होता, म्हणून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले. चंद्रावर उतरणाऱ्या यानातून काही आकडे सांगितले गेले. मग क्षणभर नुसती खरखर. मग पृथ्वीवरून कुणीतरी म्हणाले, ‘गो’. पुढे ते यान उतरले, आम्ही टाळ्या पिटल्या, सरांच्या पत्नीने त्या अवेळी आम्हांला चहा दिला. सर मात्र गप्पच होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘अरे, आर्मस्ट्राँग कोण ते मला कळले. पण त्याला ‘गो’ म्हणणारा माणूस कोण? त्याने कशाच्या जोरावर म्हटले?’

मला सांगता आले नाही. आज सांगण्याचा यत्न करतो.

हा इतिहास तसा अर्वाचीन आहे. १९५८ च्या शरद ऋतूत अमेरिकेने नासा ही संस्था स्थापन केली आणि मानवाला अंतराळात पाठविण्यासाठी व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथे एक लहानसा गट नेमला. त्यात ख्रिस्तोफर कोलंबस क्राफ्ट हे चौतिशीतले अभियंते होते. (नाव खरेच कोलंबस! आईबापांना द्रष्टेपणाचे श्रेय द्यावे की योगायोगाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.) क्राफ्ट यांचा पूर्वीचा धंदा विमानांच्या चाचण्यांचा. वैमानिक नवे विमान आकाशात नेई आणि जमिनीवरचा अभियंता रेडिओवरून त्याच्याशी बोलत राही. या अनुभवातून क्राफ्ट यांच्या ध्यानात आले की, अंतराळात जाणारा माणूस यंत्राच्या पोटात बसलेला असतो, त्याच्यापुढे मोजके काटे असतात, आणि जे जमिनीवर दिसू शकते ते सगळे त्याला दिसणे शक्य नसते. पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारणाऱ्या यानाला तर एका ठिकाणाहून पाहताही येत नाही. म्हणून झांझिबार, नायजेरियातील कानो, ऑस्ट्रेलियातील मुचिया, हवाई बेटे अशी ठिकठिकाणी ठाणी बसवावी लागली. समुद्रात जहाजे उभी करावी लागली. या सर्व ठाण्यांची वार्ता एकत्र येण्याचे स्थान म्हणजे फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथील मर्क्युरी नियंत्रण केंद्र. तेथील पहिले उड्डाण संचालक, म्हणजे फ्लाइट डायरेक्टर, अर्थातच क्राफ्ट.

या केंद्राचा आरंभ मोठा फजितीचा झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. २१ नोव्हेंबर १९६० रोजी रेडस्टोन अग्निबाणावर बसविलेली एक निर्मनुष्य मर्क्युरी कुपी उडवावयाची होती. इंजिन पेटले, धुराचा लोट उठला, आणि अग्निबाण जेमतेम चार इंच वर उचलला जाऊन पुन्हा जागच्या जागी बसला. शेपटाकडील विजेच्या जोडण्या चुकीच्या क्रमाने सुटल्या होत्या, त्यामुळे इंजिन आपोआप बंद पडले. इंजिन थांबले याचा अर्थ आपण इष्ट स्थळी पोहोचलो, असा कुपीतील यंत्रणेने सरळमार्गी समज करून घेतला. तिने माथ्यावरचा सुटकेचा मनोरा उडवून लावला, आणि काही क्षणांत लग्नातल्या अक्षता पडाव्यात तशा छत्र्या बाहेर काढल्या. आता दृश्य असे : इंधनाने काठोकाठ भरलेला अग्निबाण मोकळा उभा आहे, त्याला धरून ठेवणारे काही नाही, आणि त्याच्या अंगावर छत्र्या लोंबत आहेत. वारा भरला तर तो कोसळणार.

नियंत्रण कक्षात गोंधळ माजला. अग्निबाण बनविणाऱ्या मंडळींत व्हॉन ब्राउन यांच्याबरोबर आलेले जर्मन अभियंते पुष्कळ होते. त्या घाईत ते आपसांत जर्मन बोलू लागले आणि कक्षातील अमेरिकनांना काही कळेना, असे तेथे नुकतेच रुजू झालेले जीन क्रांत्झ यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. भाषेच्या अध्यापकाला ही नोंद वाचून मौज वाटते. संकटात माणूस मायबोलीतच ओरडतो. गुजरातेत पाच पिढ्या काढलेल्या आपल्या मंडळींनाही ठेच लागली म्हणजे ‘आई गं’ हेच आठवते. पण जेथे दहा माणसांनी मिळून एक निर्णय घ्यावयाचा असतो तेथे ही नैसर्गिक गोष्टच घातक ठरते. एकाने सुचविले, बंदुकीने टाक्यांना भोके पाडून दाब कमी करावा. आणखीही सूचना आल्या. अखेर ठरले ते असे की कुणीही जवळ जावयाचे नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत बॅटऱ्या उतरू द्यावयाच्या आणि प्राणवायू उडून जाऊ द्यावयाचा. तसेच केले गेले. काय करावे हे ठाऊक नसेल तर काहीही करू नये, हा नियंत्रणाचा पहिला नियम आपण त्या दिवशी शिकलो, असे क्राफ्ट पुढे सांगत असत.

दुसरा धडा अधिक कडू होता. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारण्यास गेले. दुसऱ्या फेरीत जमिनीवर एक संकेत दिसू लागला. त्याचा अर्थ घेतला तर कुपीची उष्णतारोधक ढाल सैल झाली होती. म्हणजे वातावरणात परत येताना माणूस जळून जाणार. क्राफ्ट आणि त्यांचे सहकारी यांचे मत होते की संकेतच खोटा आहे, ढाल शाबूत आहे. वरिष्ठांना मात्र धोका पत्करवेना. ढालीवर पट्ट्यांनी आवळलेला छोट्या अग्निबाणांचा गठ्ठा एरवी काम झाल्यावर टाकून देत. तो तसाच ठेवावा, म्हणजे ढाल सुटलीच असेल तर त्या पट्ट्यांनी धरून राहील, असा त्यांनी निर्णय दिला. या गठ्ठ्यामुळे ढालीवरच विपरीत परिणाम होण्याची भीती होती, ती निराळीच. ग्लेन यांना कारण धड सांगितले गेले नाही. ते उतरू लागले तेव्हा त्या गठ्ठ्याचे जळते तुकडे त्यांच्या खिडकीवरून उडत गेले, आणि आपली ढालच जळते आहे की काय हे त्यांना कळेना. ते सुखरूप आले. संकेत खोटाच होता.

ग्लेन यांनी नंतर स्पष्ट सांगितले की यानातल्या माणसापासून असे काही लपवू नये. क्राफ्ट यांनी घेतलेला बोध याहून वेगळा होता. जो माणूस उड्डाणाचे सर्व धागे हातात धरून बसला आहे, त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याने निर्णय देऊ नये. पुढे नियमावलीत हे तत्त्व पक्के झाले : उड्डाण सुरू असताना यानातील माणसांच्या सुरक्षिततेसाठी आणि कार्यसिद्धीसाठी आवश्यक वाटेल ते पाऊल उड्डाण संचालकाने उचलावे. वरिष्ठ त्याला दूर करू शकतात, पण तो खुर्चीत असेपर्यंत शब्द त्याचा. सरकारी पैशावर चाललेल्या एवढ्या प्रचंड संस्थेने तिशी-चाळिशीतल्या एका अभियंत्याला हा अधिकार लेखी द्यावा, ही मला त्या काळातील सर्वांत आश्चर्याची गोष्ट वाटते. मी ज्या संस्थांत नोकरी केली त्यांपैकी एकीत एक परीक्षा कुणाच्या आदेशाने रद्द झाली हे शोधण्यात आमची दोन वर्षे गेली, आणि शोध अपुरा राहिला. तेव्हा हे वाचताना माझ्या मनात काय आले असेल याची आपण कल्पना करावी.

आता ह्यूस्टनकडे वळू. टेक्सास राज्यातील हे शहर १९६१ साली निवडले गेले, आणि तेथे उभारलेल्या केंद्रातील तिसाव्या क्रमांकाच्या इमारतीत नवा नियंत्रण कक्ष सिद्ध झाला. जून १९६५ मधील जेमिनी-४ हे त्याने सर्वस्वी चालविलेले पहिले उड्डाण. एडवर्ड व्हाइट त्याच उड्डाणात यानाबाहेर पडून अंतराळात तरंगले. उड्डाण चार दिवसांचे असल्याने एका माणसाने बसून भागणार नव्हते. तीन पाळ्या झाल्या. क्राफ्ट यांची लाल, क्रांत्झ यांची पांढरी आणि जॉन हॉज यांची निळी. पुढे प्रत्येक उड्डाण संचालकाने स्वतःचा रंग घ्यावयाचा, अशी प्रथाच पडली. क्रांत्झ यांची पत्नी मार्टा त्यांच्यासाठी पांढरी बंडी शिवून देई, आणि ते पाळीच्या आरंभी ती अंगात घालीत.

कक्षात पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या चार ओळी होत्या. सर्वांत पुढे, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यांजवळ, यानाचा मार्ग पाहणारे बसत. या ओळीला ते स्वतः ‘ट्रेंच’, म्हणजे खंदक, म्हणत. यान कोठे आहे, कोठे जाणार, परतावयाचे झाल्यास इंजिन केव्हा पेटवावयाचे आणि यानातला संगणक शहाणपणाने वागतो आहे की नाही, हे त्यांनी पाहावयाचे. दुसऱ्या ओळीत वैद्य, आणि यानाच्या एकेका अंगाचे राखणदार : वीज आणि प्राणवायू पाहणारा, सुकाणू पाहणारा, चांद्रयानाचे दोघे. याच ओळीत कॅपकॉम बसे. तिसऱ्या ओळीच्या मध्यभागी उड्डाण संचालक. त्याला कुणी नावाने हाक मारीत नसत, नुसते ‘फ्लाइट’. शेवटच्या ओळीत वरिष्ठ अधिकारी, लष्कराचा प्रतिनिधी आणि जगाला वार्ता देणारा निवेदक. म्हणजे दर्जाने थोर माणसे सर्वांत मागे, आणि निर्णयाचा माणूस त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून! आपल्याकडील सभागृहांची रचना डोळ्यांपुढे आणली म्हणजे यातील गंमत ध्यानात येते.

पण जे छायाचित्रांत दिसते ते निम्मेही नव्हे. या कक्षातील प्रत्येक खुर्चीमागे शेजारच्या खोल्यांत आणखी काही तज्ज्ञ बसत. पुढच्या माणसाच्या कानाला लावलेल्या हेडसेटमध्ये त्यांचा आवाज असे. त्यांच्याही मागे यान बांधणाऱ्या कंपन्यांचे अभियंते, आणि यानाच्या संगणकाला बुद्धी देणारी केंब्रिज येथील एमआयटीची प्रयोगशाळा. पोवाडा म्हणणाऱ्या शाहिरामागे झीलकरी उभे असतात ना, तसेच काहीसे. फरक एवढाच की येथे झीलकरी आधी म्हणत, आणि शाहीर मागून. अपोलो-८ च्या वेळी अशाच एका मागच्या खोलीत पॉपी नॉर्थकट या तरुण गणितज्ञ बाई होत्या; चंद्राकडून परतीचा मार्ग काढण्याच्या गणितात त्यांचा वाटा होता. पुरुषांनी भरलेल्या त्या इमारतीत अभियंत्याचे काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

प्रत्येक माणूस एकाच वेळी अनेक संभाषणे ऐके. एका कानात मागच्या खोलीचा आवाज, दुसऱ्यात उड्डाण संचालकाचा, आणि पार्श्वभूमीवर यानातल्या माणसांचा. यांतील नेमके आपले तेवढे उचलावयाचे. मंडईत चारी बाजूंनी भाव ओरडले जात असताना गृहिणी आपल्या भाजीवाल्याचाच आवाज टिपते, त्या जातीचे हे कौशल्य. पण येथे चुकले तर पैसे जात नसत, माणसे जात.

यानाशी बोलण्याचा अधिकार मात्र एकट्या कॅपकॉमला, आणि तो स्वतः अंतराळवीर असे. शंभर माणसे शंभर गोष्टी जाणतात, परंतु वर एकच आवाज जावा; आणि तोही अशाचा, ज्याला वरच्या माणसाची घुसमट ठाऊक आहे. हा नियम मला भाषेच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. पुढे हा निर्बंध थोडा सैल झाला, तरी एकमुखी बोलण्याची रीत टिकून आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक उदाहरण देतो. निर्णयाच्या प्रत्येक टप्प्यावर संचालक एकेका खुर्चीला विचारी आणि ती खुर्ची ‘गो’ किंवा ‘नो गो’ एवढेच उत्तर देई. ‘बहुधा’, ‘तसे पाहता’, ‘माझ्या अल्प मतीप्रमाणे’ यांना तेथे जागा नाही. चंद्रावर उतरण्याची तयारी करताना क्रांत्झ यांच्या गटाच्या लक्षात आले की या शब्दात एक फट आहे. यान चंद्रावर टेकल्यानंतर लगेच तेथे थांबावे की निघून यावे हे विचारावयाचे होते. तेव्हा कुणी ‘गो’ म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा घ्यावयाचा की ‘निघा’ असा? म्हणून त्या टप्प्यापुरता शब्द बदलला : ‘स्टे’ किंवा ‘नो स्टे’. आमच्या शास्त्रात अनेकार्थत्वाला अलंकाराचा दर्जा आहे. श्लेषावर आम्ही जगतो. तेथे त्याच श्लेषाला दोन माणसांचा काळ म्हणून ओळखले गेले, आणि एका शब्दाची दुरुस्ती करून त्याला घालवून दिले गेले.

नियमांचे पुस्तकही असेच. उड्डाणाच्या कितीतरी महिने आधी ही माणसे बसून ठरवीत, की अमुक टाकीतला दाब अमुक इतका उतरला तर काय करावयाचे, अमुक दोन यंत्रे बंद पडली तर उतरावयाचे की परतावयाचे. शांत चित्ताने लिहिलेला निर्णय हातघाईच्या वेळी उपयोगी पडतो. आणि मग त्या निर्णयांची परीक्षा घेणारा एक स्वतंत्र गट असे. खोट्या उड्डाणात खोटी संकटे उभी करून या मंडळींना रडकुंडीस आणणे हेच त्याचे काम. परीक्षक कठोर असावा, हे सर नेहमी म्हणत; त्यांना ही माणसे आवडली असती.

आता त्या रात्रीकडे येतो. उड्डाणापूर्वी थोडे दिवस झालेल्या एका सरावात परीक्षक गटाचे प्रमुख रिचर्ड कूस यांनी चांद्रयानाच्या संगणकाकडून एक अनोळखी धोक्याचा क्रमांक दाखविला. मार्गदर्शन पाहणारे स्टीव्ह बेल्स गोंधळले आणि त्यांनी उतरणे रद्द करावयास सांगितले. सराव संपल्यावर कूस यांनी दाखवून दिले की रद्द करण्याचे कारण नव्हते. संगणकावर कामाचा बोजा अधिक झाला होता एवढेच, महत्त्वाची कामे तो करीतच होता. मंडळी खट्टू झाली. पण क्रांत्झ यांनी लगेच हुकूम सोडला : असे जेवढे क्रमांक असतील त्या सर्वांचा अर्थ शोधा. मागच्या खोलीतल्या जॅक गार्मन यांनी ती यादी हाताने लिहिली आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली सारली. गार्मन यांचे वय तेव्हा चोवीस. बेल्स यांचे सव्वीस.

चांद्रयान पृष्ठभागापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असताना आर्मस्ट्राँग यांनी १२०२ हा क्रमांक वाचला आणि त्याचा अर्थ विचारला. त्यांच्या आवाजात प्रथमच घाई होती. गार्मन यांनी काचेखाली पाहिले आणि बेल्स यांना सांगितले, हा क्रमांक सारखा सारखा आला नाही तर हरकत नाही. बेल्स यांनी क्रांत्झ यांना ‘गो’ म्हटले. कॅपकॉम चार्ल्स ड्यूक यांनी तो शब्द चंद्राकडे पाठविला. हे सर्व काही सेकंदांत. पुढे १२०२ पुन्हा आला, मग १२०१ आला, उत्तर तेच. शेवटी तर कक्षात कुणी बोलतच नव्हते. इंधन किती सेकंद उरले तेवढे ड्यूक सांगत होते, साठ, आणि मग तीस.

तेव्हा सर, आपण रेडिओवर ऐकला तो आवाज ड्यूक यांचा. अनुमती क्रांत्झ यांची. निर्णय बेल्स यांचा. ज्ञान गार्मन यांचे. आणि ते ज्ञान मिळविण्याची वेळ ज्याने आणली तो कूस. यांपैकी ‘गो’ म्हणणारा माणूस कोणता ते मी आजही एका शब्दात सांगू शकत नाही. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तिघा अंतराळवीरांचा गौरव केला तेव्हा नियंत्रकांच्या वतीने मानपत्र घेण्यास बेल्स यांना उभे केले गेले.

अपोलो-१३ ची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी चित्रपटात पाहिली आहे, म्हणून ती आटोपती घेतो. १३ एप्रिल १९७० च्या रात्री, ह्यूस्टनच्या वेळेप्रमाणे नऊच्या सुमारास, यानातील प्राणवायूची टाकी फुटली. क्रांत्झ यांची पाळी संपत आली होती. ग्लिन लनी यांच्या काळ्या गटाने सूत्रे घेतली आणि मरू घातलेल्या मुख्य यानातून तिघांना चांद्रयानाच्या आश्रयाला नेले. माझ्या मते त्या रात्रीची खरी कामगिरी लनी यांची. चित्रपटात ती झाकोळली. क्रांत्झ यांनी आपला गट बाजूला काढून परतीच्या योजना आखल्या. श्वासातील दूषित वायू शोषणारे मुख्य यानातले डबे चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून जमिनीवर आधी एक जोडकाम करून पाहिले गेले, आणि मग त्याची कृती शब्दांनी वर सांगितली गेली. तिघेही परतले. ‘अपयश हा पर्यायच नाही’ अशा अर्थाचे जे सुप्रसिद्ध वाक्य क्रांत्झ यांच्या तोंडी आहे, ते त्या कक्षात उच्चारले गेले नव्हते. १९९५ च्या चित्रपटाच्या लेखकांनी ते घडविले, आणि क्रांत्झ यांना इतके आवडले की त्यांनी ते आपल्या आत्मचरित्राचे शीर्षक केले. यानातून आलेले खरे वाक्यही चित्रपटाहून वेगळे होते. स्विगर्ट आणि लव्हेल अडचण ‘आली आहे’ म्हणाले नव्हते, ‘आली होती’ म्हणाले होते. मृत्यूच्या दारात उभे राहूनही काळ अचूक वापरणारी माणसे!

येथवर जे सांगितले त्यावरून हा कक्ष म्हणजे निर्दोष यंत्र, असा समज झाला तर तो इतिहासाशी द्रोह होईल. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्याच एका चाचणीत अपोलोच्या कुपीला आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. काम रखडले आहे, सराव अपुरा आहे, हे आम्हा सर्वांना दिसत होते आणि कुणीही ‘थांबा’ म्हणाले नाही, असे क्रांत्झ यांनी त्यानंतर आपल्या माणसांना सुनावले.

आणि कोलंबिया. १६ जानेवारी २००३ रोजी हे यान उडाले तेव्हा दीड मिनिटाच्या आत बाहेरील टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यानात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. काही अभियंत्यांना शंका आली. लष्करी साधनांनी पंखाची छायाचित्रे काढावीत, अशी त्यांची विनंती होती. ती नियंत्रण कक्षाच्या वर असलेल्या व्यवस्थापन समितीपर्यंत आडमार्गाने पोहोचली आणि तेथे मोडून निघाली. २३ जानेवारीला यानातील मंडळींना कळविण्यात आले, की तुकडा लागला आहे, काळजीचे कारण नाही. १ फेब्रुवारीला सकाळी परतीच्या वाटेवर डाव्या पंखातील उष्णतामापके एकेक करून गप्प झाली. नंतर आवाज गेला. उड्डाण संचालक लिरॉय केन काही वेळ वाट पाहत राहिले. मग त्यांनी कक्षाची दारे बंद करावयास सांगितली, म्हणजे एकही कागद, एकही आकडा बाहेर जाऊ नये. नियमावलीत तसे लिहिलेले होते. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल दिला. संस्थेच्या वागण्याच्या रीतीने फोमइतकाच हा अपघात घडविला, हा त्याचा निष्कर्ष आहे.

मला या प्रकरणातली बोचणारी गोष्ट ही, की ग्लेन यांच्या वेळी वरिष्ठांनी भीतीपोटी हस्तक्षेप केला आणि ते चुकले. कोलंबियाच्या वेळी निर्धास्तपणापोटी केला आणि तेही चुकले. कक्षातल्या माणसाला ‘नो गो’ म्हणण्याचा अधिकार होता. पण ज्याच्याजवळ शंका होती तो अभियंता त्या कक्षात नव्हता, आणि त्याचा आवाज कोणत्याच हेडसेटमध्ये नव्हता. १२०२ च्या रात्री गार्मन यांची वाट चार पावलांची होती. चौतीस वर्षांनी ती वाट इतकी लांब कशी झाली?

आपल्या देशाचा संबंध सांगून थांबतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण झाले. संगणकाने उलटमोजणी थांबविली होती. मोहिमेचे संचालक डॉ. अब्दुल कलाम यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून संगणकाला बाजूस सारले आणि उड्डाण केले. अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. वार्ताहरांपुढे मात्र कलाम गेले नाहीत. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि त्यांनी अपयश आपल्या अंगावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे पाठविले. हे स्वतः कलामांनी अनेकदा सांगितले आहे. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते.

कर्नाटकातील हासन येथे १९८२ साली उपग्रहांचे नियंत्रण केंद्र सुरू झाले. इन्सॅट-१ प्रकल्पाची धुरा वाहणारे प्रमोद काळे हे आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पहिला उपग्रह इन्सॅट-१ए त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, इंधन संपून गेल्याने, सोडून द्यावा लागला. दुसरा, इन्सॅट-१बी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ यानातून गेला. म्हणजे ह्यूस्टनने सोडले आणि हासनने झेलले. त्याचाही सौर पंखा उघडेना. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आपले आणि उपग्रह बांधणाऱ्या अमेरिकन कंपनीचे नियंत्रक त्याच्यामागे लागून होते, तेव्हा कोठे तो पुरता उघडला. त्यानंतरच्या वर्षी देशभर दूरदर्शनची लहान लहान केंद्रे उभी राहिली, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरावर ॲन्टेना आला, त्याचा उगम या खटपटीत आहे.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अंतराळात गेले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले, ते दूरदर्शनवर दाखविले गेले. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे संच नव्हता, म्हणून ते शेजारच्या घरी पाहावयास आले होते आणि मी सुटीत बडोद्यास आलो होतो. शर्मांचे उत्तर ऐकून खोलीतल्या सर्वांनी टाळ्या वाजविल्या. सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘या दोघांच्या मध्ये मॉस्कोजवळ कुणीतरी बसलेला असणार. तो कोण रे?’